व्हेंटिलेटरला झेंडूचा हार

आमच्या दवाखान्यातल्या एका मशीनवरून मी जेवढी भांडणं केली आहेत, तेवढी नवऱ्याशीही केलेली नाहीत. मशीन तसं छोटं आहे. मिक्सरच्या खोक्याएवढं. वर उचलायला कडी, समोर छोटा पडदा आणि दोन-चार बटणं, बाजूला हवा आत ओढून घ्यायची जाळी. ज्या पेशंटला स्वतःचा श्वास घेता येत नाही, त्याला एका गावाहून दुसऱ्या गावाला न्यायचं असेल तर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये हे मशीन त्याच्या उशाशी बसतं आणि त्याच्या वाटचा श्वास त्याला देत राहतं. त्याला आम्ही पोर्टेबल व्हेंटिलेटर म्हणतो. दवाखान्यातले बाकीचे लोक त्याला ‘मॅडमचं मशीन’ म्हणतात आणि ते म्हणताना डोळे मिचकावतात.

मी भूलतज्ज्ञ. माहेर लातूर, सासर आणि नोकरी नांदेड. या दोन गावांच्या रस्त्यावर माहेरपणाला गेले नसेन इतकी अ‍ॅम्ब्युलन्समधून गेले आहे. कुठल्या पुलाआधी आदळतं आणि कुठल्या गावात शेळ्या आडव्या येतात, हे मला पाठ आहे. त्यामुळे मशीन घेऊन निघायचं म्हटलं की तालुक्याच्या गावी मलाच धाडतात. सण असला तर नक्कीच.

या मशीनची देखभाल अवघड नाही. ते कायम चार्जिंगला लावून ठेवायचं, जाळीमागचा फिल्टर साफ ठेवायचा आणि रोज सकाळी चालवून बघायचं. एवढंच. पण आपल्याकडे भिंतीत सॉकेट दिसलं की माणसाचा हात आपोआप खिशातल्या मोबाईलकडे जातो. मशीनचा प्लग काढून तिथं लावलेले किती मोबाईल मी जप्त केले असतील त्याचा हिशोब नाही. एकदा तर तिथं चक्क विजेची शेगडी सापडली. कुणीतरी सुनेच्या बाळंतपणाला आलेल्या बाई शांतपणे पाणी तापवत बसल्या होत्या. शेवटी मी सॉकेटवर कागद चिकटवला, ‘मशीनचा प्लग काढू नये’. दुसऱ्या दिवशी बघते तर प्लग जागच्या जागी, आणि बटण बंद. वीज वाचवली म्हणे.

सकाळची तपासणी हे आणखी एक प्रकरण. मशीन नीट हवा देतंय का हे बघायला रबराचं एक खोटं फुप्फुस मिळतं. आमचं उंदरांनी खाल्लं. नवीन मागवलं आहे, ते अजून येतंच आहे. तोवर मी नळीच्या तोंडाला रबरी हातमोजा बांधते. मशीन चालू केलं की हातमोजा फुगतो, पाचही बोटं ताठ उभी राहतात, मग माना टाकतात, मग परत उभी राहतात. मला त्यातून सगळं कळतं. पण दारातून डोकावणाऱ्या नातेवाइकाला वाटतं की मशीन कुणाला तरी टाटा करतंय. आधीच आमच्याकडे ‘व्हेंटिलेटरवर टाकलं’ एवढं वाक्य कानावर पडलं की घरोघर फोन जातात, पुण्याची पोरं सुट्टी टाकून निघतात आणि आत्या लोक गाडीतूनच रडत येतात. मी हजारदा सांगते की हे मशीन माणूस जावा म्हणून नाही, राहावा म्हणून लावतात. ऐकून घेतात. मान हलवतात. आणि बाहेर जाऊन फोन लावतात.

या सगळ्यात मशीनवर जिवापाड प्रेम करणारा माझ्याशिवाय एकच माणूस होता, तो म्हणजे आमचा अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. त्याच्या प्रेमाचीच मला जास्त धास्ती. खंडेनवमीला जो तो आपापल्या हत्याराची पूजा करतो. हा गाडी धुतो, बोनेटवर स्वस्तिक काढतो, चाकाखाली लिंबू ठेवतो, आणि मग हळदीकुंकवाचं ताट घेऊन मशीनकडे येतो. आदल्या वर्षी त्यानं इतक्या भक्तिभावानं कुंकू वाहिलं होतं की जाळीमागचा फिल्टर लालभडक झाला होता.

त्यामुळे या खंडेनवमीला सकाळीच मी दारात आडवी उभी राहिले.

“मामा, कुंकू नाही.”

“हळद?”

“हळद नाही, तांदूळ नाही. आणि ऑक्सिजनच्या सिलेंडरजवळ उदबत्ती पेटवली तर आपली सगळ्यांची पूजा दुसरेच लोक करतील.”

“मॅडम, सालभर हे मशीन लोकाला दम देऊन राहिलंय,” तो खरोखर दुखावला होता. “एक दिवस त्याचं करायचं, तर तुमी त्याला उपाशी ठेवायलाव.”

शेवटी तडजोड झाली. हार चालेल, पण तो फक्त वरच्या कडीला, जाळी उघडी ठेवून. त्यानं आनंदानं हार आणला. मला वाटलं होतं, फोटोला घालतात तसा बेताचा असेल. हा झेंडूचा हार एखाद्या आमदाराच्या गळ्यात शोभेल असा होता. त्यानं तो कडीला वेढे देऊन बांधला, नारळ बाहेर पायरीवर फोडला, मला खोबरं दिलं. जाळी उघडी आहे हे मी वाकून बघितलं आणि दारातून बाजूला झाले.

दुपारी अहमदपूरहून फोन आला. तिथल्या एका लहान दवाखान्यात साठीच्या एक बाई होत्या. शेतात सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री उचलताना त्यांना पान लागलं होतं. आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. नाग होता. लस दिली होती, पण विष अंगात भिनून श्वासाचे स्नायू लुळे पडत चालले होते. तिथल्या डॉक्टरांनी घशात नळी घातली होती आणि रबरी फुगा दाबून दाबून बाईंना हवा देत होते. त्यांच्याकडे व्हेंटिलेटर नव्हतं. नांदेडपर्यंत पोचल्या तर बाई हमखास वाचणार होत्या, कारण नागाचं विष उतरलं की माणूस पुन्हा स्वतः श्वास घेऊ लागतो. मधल्या रस्त्यावर श्वास तुटला तर मात्र काही खरं नव्हतं.

सणामुळे सोबत यायला ब्रदर मिळाला नाही. ड्रायव्हर, मी, मशीन आणि मशीनचा हार असे आम्ही विष्णुपुरी मागे टाकून निघालो.

अहमदपूरला बाई निपचित पडल्या होत्या. पापण्या मिटलेल्या, मान कलंडलेली, हात उचलला की धपकन खाली. हिरवं लुगडं, कोपरापर्यंत शेताची माती. पायथ्याशी त्यांचे यजमान, धोतर, टोपी, काडीसारखे वाळलेले, भिंतीकडे बघत उभे. आणि सून, पदर खोचून सगळीकडे धावणारी. मुलगा पुण्याहून निघाला होता.

मी हातमोजा लावून मशीन चालवून बघितलं, ते ठीक होतं. मग नळी बाईंना जोडली. छाती वर आली, खाली गेली. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, “आजी, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलवा.”

अंगठा हलला. अगदी जरासा, पण हलला.

हे नागाच्या विषाचं लोकांना माहीत नसतं. माणूस हलत नाही, डोळे उघडत नाही, पण डोकं जाग्यावर असतं. गुंगीचं औषध मी देत होते, पण रक्तदाब खाली असल्यानं हात राखून. म्हणजे बाईंना सगळं ऐकू येत होतं. अशा पेशंटच्या उशाशी बसून लोकांनी दागिन्यांच्या वाटण्या केलेल्या मी ऐकल्या आहेत. म्हणून मी गाडीत बसतानाच दोघांना बजावलं, “त्या जाग्या आहेत. घाबरल्या असतील. काहीतरी चांगलं बोलत राहा त्यांच्याशी.”

सून लगेच सुरू झाली. “आत्याबाई, घाबरू नका बरं, मी हाय, मामंजी हायेत.” मग ती थांबली आणि सासऱ्यांकडे बघू लागली. सासरे खिडकीबाहेर बघत होते.

“बाबा, तुम्हीही बोला,” मी म्हणाले.

त्यांनी घसा साफ केला. इकडं तिकडं बघितलं. मग त्यांची नजर मशीनवर ठरली आणि ते गंभीरपणे मशीनला म्हणाले, “नीट चाल बरं तू. घरी सोयाबीन उघड्यावर पडलंय. ताडपत्री कुनालाच नीट बांधता येत न्हाई. ज्यांना येती ते इथं झोपून राहिलेत.”

मी चकित होऊन सुनेकडे बघितलं.

“आत्याबाईलाच म्हणून राहिलेत, मॅडम,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “मामंजी त्यांच्याशी सरळ बोलत न्हाईत.”

“भांडण आहे?”

“न्हाई हो. लग्न झालं तवा घरात मोठी माणसं लई होती. त्यांच्यासमोर बायकोशी बोलायची लाज. आता मोठी माणसं समदी गेली, पर सवय काय जाईना. घरी म्हशीला बोलतेत.”

“म्हशीला?”

“हाव. ‘आज भाकरीला उशीर हाय वाटतं’ असं म्हशीला म्हणले की आत्याबाई आतून भाकरी घेऊन येतेत.”

“आणि म्हैस?”

“म्हैस बघत राहती.”

म्हणजे या दोघांचा अख्खा संसार एका म्हशीच्या मध्यस्थीनं झाला होता. आणि आता म्हशीच्या जागी माझं मशीन आलं होतं. मला हसू येत होतं आणि रागही. एवढी बाई मरणाच्या दारात पडलीय आणि या माणसाला लाज वाटतेय! मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, “बाबा, मशीनला कान नाहीत. यांना आहेत. यांच्याशी बोला.”

त्यांनी मान डोलावली. बराच वेळ विचार केला. आणि परत मशीनलाच म्हणाले, “डॉक्टरीणबाई रागीट हायेत.”

माळाकोळी मागे पडलं आणि रस्त्याचं काम चालू असलेला तुकडा लागला. गाडी दणादण आदळायला लागली. मी बाईंच्या तोंडातली नळी धरून बसले होते, तेवढ्यात मशीनचा आवाज बदलला. दुसऱ्या खोलीत असलं तरी कुकरचा आवाज बदललेला बाईला कळतो, तसा मला या मशीनचा आवाज कळतो. ते घोगरं झालं, धापा टाकल्यासारखं ओढायला लागलं आणि मग लाल दिवा लागून मोठ्यानं किंचाळायला लागलं. बाईंच्या छातीकडे बघितलं. छाती वर येत नव्हती.

मी नळी मशीनपासून सोडवली, फुगा जोडला आणि दाबायला सुरुवात केली. छाती हलली. मग मशीनकडे मान वळवली. आमदाराच्या मापाचा तो हार धक्क्यांनी कडीवरून घसरला होता आणि थेट जाळीवर जाऊन बसला होता. मशीन बिचारं हवा समजून झेंडूच्या पाकळ्या ओढत होतं.

“मामा! गाडी बाजूला घ्या! तुमचा हार मशीननं खाल्ला!”

गाडी थांबली. ड्रायव्हर मागचं दार उघडून आत डोकावला आणि ते दृश्य बघून त्याच्या तोंडचं पाणी पळालं. हाराला परवानगी मीच दिली होती, पण त्या वेळी मी त्याला जे काही बोलले ते माझ्या माहेरच्यांनी ऐकलं असतं तर मला घरात घेतलं नसतं.

माझे दोन्ही हात फुग्याला अडकलेले. मी सुनेला म्हणाले, “हार तोड. ती जाळी ओढून काढ. आत पांढरा चौकोन आहे, तोपण काढ. माझ्या पिशवीत नवा आहे.” पोरगी धीराची निघाली. केसांतला आकडा काढून तिनं जाळीतल्या पाकळ्या भराभर उपसल्या. फिल्टर पिवळाधमक झाला होता.

आणि या सगळ्या गोंधळात म्हातारबा उठून उभे राहिले. डोकं धाडकन टपाला लागलं, टोपी पडली, तोल जाऊन ते बायकोच्या पायाशी कोसळले आणि त्यांनी तिचे दोन्ही पाय घट्ट धरले.

“अगं ए!” ते ओरडले. मशीनहून मोठ्यानं. “अगं दम घे! आयकू येतंय का? मी बोलून राहिलो, मी! मशीनला न्हाई, तुला! तुला बोलून राहिलो!”

ड्रायव्हर दारात तसाच थांबला. सुनेचा हात जाळीवरच राहिला. मी फुगा दाबत होते म्हणून बरं, नाहीतर माझेही हात थांबले असते.

“हात चालव गं,” मी सुनेला म्हणाले.

नवा फिल्टर बसला. बाईंना परत जोडायच्या आधी मशीन तपासणं भाग होतं. सुनेनं मी सांगितल्याप्रमाणे हातमोजा लावला, पाच बोटं उभी राहिली आणि डोलायला लागली. म्हातारबांनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “हे टाटा कामून करून राहिलंय?” त्यांनी विचारलं. मी म्हणाले, टाटा नाही, ये म्हणतंय. तेवढंच मला त्या वेळी सुचलं.

नळी जोडली. छाती वर आली, खाली गेली. परत वर आली.

गाडी निघाली. आता ड्रायव्हर अशा गतीनं चालवत होता की शेळ्या आम्हाला मागे टाकत होत्या. आणि मागे म्हातारबा बोलत होते. एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. पाय धरूनच बसले होते. सोयाबीन किती निघालं ते सांगून झालं. जावयाच्या तक्रारी सांगून झाल्या. मग म्हणाले, “बोर तू म्हणली तिथंच, चिंचंखाली घ्याया पायजे होता. मी आयकलं न्हाई. पानी लागलं न्हाई. तू कधी बोलून बी दाखवलं न्हाईस.”

“मामंजी, अंगठा हलला!” सून म्हणाली.

त्यावर त्यांना आणखी हुरूप आला. “पोराच्या जावळाला तू निळं लुगडं नेसली होतीस. लई चांगली दिसत होतीस. मी म्हणलो होतो तसं.”

सून पुढं झाली. “कुणाला म्हणले होते?”

“म्हशीला,” म्हातारबा म्हणाले. “पर ही तवा पानी आनाया गेली होती.”

मी तोंड फिरवून मॉनिटरकडे बघितलं. बाईंच्या मिटलेल्या पापणीतून पाणी निघून कानाकडे चाललं होतं. डोळे कोरडे पडू नयेत म्हणून मी मलम घातलं होतं, ते वितळलं असेल असं सुनेला वाटलं आणि ती पुसायला गेली. मी तिला थांबवलं. ते मलम नव्हतं. इतकी वर्षं मी माणसांना झोपवायचं काम केलं आहे, पण कुणाच्या जागेपणाचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

“चहात साखर कमी टाकतीस,” म्हातारबांनी शेवटी तेही सांगून टाकलं, “म्हनून मी शेजारी जाऊन पितो.”

अंगठा जोरात हलला. या वेळी तो रागानं हलला हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

नांदेडला पोचल्यावर बाईंना अतिदक्षता विभागातल्या मोठ्या मशीनला जोडलं. ड्रायव्हर माझ्यापासून चार हात लांब उभा होता. मी त्याच्याकडे बघितल्यावर म्हणाला, “मॅडम, एक सांगू का? पूजा केली होती म्हणून मशीन टिकलं.” मी त्याला सांगितलं की पुढच्या वर्षी पूजा कर, पण मशीनच्या फोटोची.

पुढचे दोन-तीन दिवस भेटीच्या वेळी म्हातारबा टोपी काढून, निळा गाऊन अंगात अडकवून आत यायचे आणि बोलायचे. मोठं मशीन फुस् फुस् करत असायचं आणि हे त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बायकोला घरची खबर सांगायचे. मुलगा आला होता, तो आणि सून बाजूला उभे राहून ऐकायचे. सिस्टर लोक काही ना काही निमित्त काढून त्याच पलंगाभोवती घुटमळायच्या. हळूहळू पापण्या उघडल्या. मग मान उचलली. मग हाताची पकड आली. मशीनचा जोर आम्ही कमी करत नेला, तरी बाई आपला आपण श्वास घेत राहिल्या, आणि एका सकाळी मी त्यांच्या घशातली नळी काढली. खोकल्या, थुंकल्या, पाणी मागितलं. मशीन ढकलून बाजूला नेलं.

भेटीच्या वेळेला म्हातारबा आले. बायको उशाला टेकून बसलेली, डोळे उघडे, सरळ त्यांच्याकडे बघणारी. ते दारातच थबकले. पलंगाजवळची मोकळी जागा बघितली. मग दोन पावलं पुढे येऊन खिडकीकडे तोंड केलं आणि सुनेला म्हणाले, “विचार, घसा दुखतो का.”

बाई तिथून हातभर अंतरावर. सुनेनं तरी विचारलं, “आत्याबाई, घसा दुखतो का?”

बाईंनी तिला उत्तर दिलं नाही. त्यांनी मला हातानं जवळ बोलावलं. आवाज पार बसला होता, वाकून ऐकावं लागलं.

“डॉक्टरीणबाई, ते मशीन परत लावता का?”

मी दचकले. मॉनिटर बघितला, छातीला स्टेथोस्कोप लावला. सगळं ठीक होतं. “का आजी? दम लागतोय का?”

“दम न्हाई लागत,” त्या म्हणाल्या. “ते लावलं होतं तवा हे माझ्याशी बोलत होते.”

मी मशीन लावलं नाही. म्हातारबांना स्टूल दिलं, सुनेला आणि मुलाला चहाला बाहेर काढलं आणि पलंगाचा पडदा ओढून घेतला.